कॉक्सी (रक्ती हगवण): कोंबडीच्या अंगात प्रतिकारशक्ती कशी तयार होते आणि ती आपण कशी बनवून घ्यायची

दोन पावसाळ्यांपूर्वी मी अडीच महिन्यांच्या ४०० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) विकत घेतल्या. गावरान क्रॉस, दिसायला ठणठणीत, तुरे लाल, पिसं चकचकीत, घेणाऱ्याला अजून काय पाहिजे. शेडमध्ये मी स्वतः पिल्लापासून वाढवलेल्या ३०० कोंबड्या होत्या, त्यांच्या शेजारच्या कप्प्यात सोडल्या. मधे फक्त जाळी, आणि लिटर (जमिनीवरचं तुसाचं अंथरूण) तेच जुनं, कारण आमच्याकडे भोरला जुलैत कोरडं तूस मिळणं म्हणजे नशीबच. सहाव्या दिवशी सकाळी शेड उघडलं तर लिटरवर जागोजागी लालभडक डाग, कोणीतरी पान खाऊन थुंकल्यासारखे. पुढच्या दहा-बारा दिवसांत सत्तरेक तलंगा गेल्या. आणि जाळीच्या अलीकडच्या माझ्या ३०० मधली एकही नाही. लिटर तेच, पाणी तेच, खाद्यही तेच.

नंतर कळलं की त्या तलंगा पिंजऱ्यात, जाळीच्या तळावर वाढलेल्या. विष्ठा खाली पडून जायची, त्यामुळे त्यांनी आयुष्यात कधी कॉक्सीचा जंतू चाखलाच नव्हता. माझ्या कोंबड्यांनी तो लहानपणापासून रोज थोडा थोडा चाखला होता. एवढाच फरक. म्हणून इथे औषधांची यादी नंतर येईल, आधी ही प्रतिकारशक्ती नेमकी येते कुठून ते नीट बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की शेडमधल्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

पायरी १: शत्रू ओळखा

कॉक्सीडिओसिस, आपल्या भाषेत कॉक्सी किंवा रक्ती हगवण, हा बॅक्टेरियाही नाही आणि व्हायरसही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे. कोंबडीत त्याच्या ७ जाती वर्षानुवर्षं माहीत आहेत, पण फार्मवर आपल्याला चार लक्षात ठेवल्या तरी पुरे. टेनेला (आंधळ्या आतड्यात, म्हणजे सीकामध्ये, आणि हिचंच ते लाल रक्त), नेकॅट्रिक्स (आतड्याच्या मधल्या भागात, जरा मोठ्या पक्ष्यांत), मॅक्सिमा (हीसुद्धा मधल्या भागात) आणि असेर्व्हुलिना (सुरुवातीच्या लूपमध्ये).

विष्ठेतून बाहेर पडतं ते ऊसिस्ट, अंडं म्हणा हवं तर. बाहेर पडताना ते कच्चं असतं, लगेच कोणी खाल्लं तरी काही होत नाही. ओल, हवा आणि २५-३० डिग्री तापमान मिळालं की एक-दोन दिवसांत ते पिकतं आणि आत ८ जंतू तयार होतात. पिकलेलं ऊसिस्ट पक्ष्याने टिपलं की गिझार्ड म्हणजे दळणारं पोट ते दळून फोडतं, पुढे पित्त आणि पाचकरस त्यातले जंतू मोकळे करतात, आणि ते आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत शिरतात. तिथे एकाचे अनेक होतात, पेशी फोडून बाहेर येतात, परत नव्या पेशीत. जातीप्रमाणे साधारण ४ ते ६ दिवसांत नवीन ऊसिस्ट विष्ठेत, हजारोंनी, आणि टेनेला असेल तर एका ऊसिस्टामागे लाखांच्या घरात.

इथे एक गोष्ट बारकाईने वाचा. हे चक्र ठरलेल्या फेऱ्यांनंतर आपोआप थांबतं. म्हणजे एकदा खाल्लेल्या ऊसिस्टांचा खेळ आठवड्याभरात संपतो, पक्षी परत खाईपर्यंत. त्यामुळे किती नुकसान होणार हे बहुतेक करून किती ऊसिस्ट एका दमात पोटात गेली त्यावर ठरतं. शे-दोनशे गेली तर पक्ष्याला कळतही नाही, उलट शरीर शिकतं. लाखभर टेनेला गेली तर पक्षी मरतो.

पायरी २: शरीर शिकतं म्हणजे काय ते समजून घ्या

बरेच जण मला विचारतात की लासोटाचा (मानमोडीच्या लसीचा) जसा टायटर, म्हणजे रक्तातली अँटिबॉडीची पातळी, बघतो तसा कॉक्सीचा टायटर बघता येईल का. बघून उपयोग फारसा नाही. कारण कॉक्सीत अँटिबॉडीचं काम दुय्यम आहे. परजीवी बसलेला असतो पेशीच्या आत, आणि रक्तातली अँटिबॉडी तिथे पोचत नाही. संशोधकांनी हे अगदी सरळ तपासलं होतं, पिल्लांचा बर्सा काढून टाकला (बर्सा म्हणजे गुदद्वाराच्या वरची ती छोटी पिशवी, पक्ष्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी तिथे तयार होतात) आणि मग कॉक्सी दिली. पहिल्यांदा आजारी पडली, पण दुसऱ्यांदा दिली तेव्हा त्या बर्सा नसलेल्या पक्ष्यांनीही दाद दिली नाही. म्हणजे संरक्षण दुसरीकडून येत होतं.

ते येतं टी-पेशींकडून. आतड्याच्या अस्तरात, अगदी पेशींच्या मधे मधे, पांढऱ्या पेशी ठाण मांडून असतात. पहिल्या हल्ल्यात मॅक्रोफेज, हेटेरोफिल वगैरे जमेल तसं लढतात, पण पक्ष्याला वाचवण्याइतकं ते पुरत नाही. त्याच वेळात टी-पेशी त्या जातीचा जंतू ओळखायला शिकतात, वाढतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप्या सोडतात, जो आजूबाजूच्या पेशींना सांगतो की आत शिरलेल्याला वाढू देऊ नका. दुसऱ्यांदा जंतू आला की गंमत बघा, तो पेशीत शिरतो तरी, पण आत पुढे सरकतच नाही, तिथेच मरतो. म्हणून माझ्या ३०० कोंबड्या रोज ऊसिस्ट खात असूनही ठीक होत्या.

आता यातल्या चार अटी, ज्या शेडमध्ये पावलोपावली आडव्या येतात.

एका जातीची प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीला चालत नाही. चौथ्या आठवड्यात टेनेला होऊन गेली म्हणून निश्चिंत बसलेल्या माणसाच्या तलंगांत दहाव्या आठवड्यात नेकॅट्रिक्स येते आणि तो म्हणतो औषध बोगस होतं. औषध ठीक होतं हो, रोग दुसरा होता.

सगळ्या जाती सारख्या शिकवत नाहीत. मॅक्सिमा थोड्याशा डोसमध्ये जवळजवळ पक्कं संरक्षण देते, टेनेला आणि नेकॅट्रिक्सला मात्र दोन-तीन वेळा उजळणी लागते.

एकाच मोठ्या डोसपेक्षा थोडा थोडा, पुन्हा पुन्हा मिळालेला डोस जास्त चांगलं शिकवतो.

आणि उजळणी पूर्ण थांबली तर काही महिन्यांत शिकलेलं फिकं पडतं.

आईकडून बलकातून पिल्लाला थोड्या अँटिबॉडी मिळतात, पण त्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

पायरी ३: आपला पक्षी किती दिवस राहणार ते ठरवा

ब्रॉयलर ४० दिवसांत गाडीत चढतो. त्याच्यासाठी खाद्यात ॲंटिकॉक्सीडियल घालून रोग दाबून ठेवणं परवडतं आणि करार पोल्ट्रीत कंपनीच्या खाद्यात ते आधीच असतं. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन (हे १९७१ पासून वापरात आहे), मदुरामायसिन ही आयनोफोर मंडळी. ही औषधं सगळेच जंतू मारत नाहीत, थोडे निसटतात, आणि निसटलेले पक्ष्याला हळूहळू शिकवतात. एका अर्थी हा त्यांचा गुणच.

पण तुमच्याकडे गिरिराज, वनराज, कावेरी, कडकनाथ, डीपी क्रॉस असे चार महिने ते दीड वर्ष राहणारे पक्षी असतील तर आयुष्यभर औषध देणार का? तिथे प्रतिकारशक्ती बनवून घेण्यावाचून पर्याय नाही, आणि खालचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पायरी ४: लिटर, म्हणजे खरी लस

माझं ठाम मत आहे की नव्वद टक्के कॉक्सी लिटरमध्ये जिंकली किंवा हरली जाते. इथे लोक दोन टोकं गाठतात. एक जण लिटर चिखल होईपर्यंत बघत नाही. दुसरा इतका स्वच्छ की आठवड्याला सगळं तूस बदलतो. दुसऱ्याच्या पक्ष्यांनाही पुढे कॉक्सी होतेच, फक्त उशिरा आणि जास्त जोरात, कारण त्यांना शिकायलाच मिळालेलं नसतं.

मूठ चाचणी करा. ड्रिंकरपासून दोन हात लांबचं लिटर मुठीत घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा. लाडू झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर सुटला तर एक नंबर. अजिबात बांधलंच गेलं नाही, धुरळा उडाला तर फार कोरडं. साधारण २० ते ३० टक्के ओल हवी. या ओलीत थोडी ऊसिस्ट पिकतात, सगळी नाही, आणि आपल्याला तेच पाहिजे.

फार कोरड्याचा धोका कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. एप्रिलमध्ये टाकलेली बॅच, बाहेर ४० च्या वर तापमान, लिटर पापडासारखं, ऊसिस्ट पिकतच नाहीत, सगळं छान चाललंय. पिल्लं सहा-सात आठवड्यांची होतात आणि जूनचा पहिला पाऊस येतो, शेडला कडेने झड लागते, लिटर दमट होतं आणि साचलेली, तग धरून राहिलेली ऊसिस्ट एकदम पिकतात. समोर कोरी पाटी असलेले पक्षी. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ज्या उद्रेकांच्या बातम्या कानावर येतात त्यातले बरेच मला या प्रकारचे वाटतात. उन्हाळी बॅचला ब्रूडिंगमध्ये (पिल्लं उबेत ठेवतो त्या पहिल्या दिवसांत) लिटरवर अगदी हलका पाण्याचा फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तर चालतो, भिजवायचं नाही, फक्त धूळ बसेल इतकं.

बाकी नेहमीचंच: लिटर रोज दाताळ्याने खालीवर करणं, ड्रिंकरखालचं ओलं तूस त्याच दिवशी उचलणं, बेल ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवणं. गर्दी करू नका, ब्रॉयलरला निदान १ चौरस फूट, मोठ्या गावरानला २ धरा. आणि फिनाईल, ब्लीचिंग, क्वाट अशा जंतुनाशकांनी ऊसिस्ट मरत नाही हे लक्षात ठेवा, त्याचं कवच भयंकर चिवट असतं. ते मरतं उष्णतेने, पूर्ण वाळण्याने आणि अमोनियाने. बॅच गेल्यावर फरशीवर ब्लोलॅम्प फिरवणं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं.

पायरी ५: लस द्यायची असेल तर

कॉक्सीची लस काही नवीन नाही, अमेरिकेत पहिली १९५२ साली बाजारात आली. जिवंत ऊसिस्टच असतात त्यात, मोजून मापून, वेगवेगळ्या जातींची. पुढे ज्या सौम्य लसी आल्या त्यात लवकर चक्र पूर्ण करणारे जंतू निवडून घेतलेत, त्यांच्या फेऱ्या कमी म्हणून आतड्याचं नुकसान कमी. आपल्याकडे मुख्यतः ब्रीडरवाले (पिल्लांसाठी अंडी देणारे कळप पाळणारे) वापरतात.

बहुतेक वेळा हॅचरीतच पहिल्या दिवशी रंगीत पाण्यातून जाड थेंबांचा फवारा मारतात, पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपतात. तुम्ही स्वतः देणार असाल तर २ ते ८ डिग्रीत ठेवा पण फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठली की मेली. ऊसिस्ट तळाला बसतात म्हणून द्रावण सतत हलवत राहा, नाहीतर पहिल्या खोक्याला नुसतं पाणी आणि शेवटच्या खोक्याला दुप्पट डोस.

लस दिली म्हणजे काम झालं नाही, लस ही नुसती सुरुवात. ५-७ व्या दिवशी पिल्लं ऊसिस्ट टाकायला लागतात, ती लिटरमध्ये पिकून परत पोटात जातात, दुसरी फेरी १२-१४ व्या दिवसाच्या आसपास, तिसरी तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. तीन-चार आठवड्यांनी पक्षी तयार. या काळात दोन चुका जीवघेण्या. एक, स्टार्टर (पिल्लांच्या पहिल्या) खाद्यात ॲंटिकॉक्सीडियल असणं. पोत्यावरचं लेबल वाचा, नसेल लिहिलं तर विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण सॅलिनोमायसिनवालं स्टार्टर लसीचाच खून करतं. दुसरी चूक, आठव्या दिवशी चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं कडं) काढून पिल्लं एकदम नव्या कोऱ्या तुसावर पसरवणं. शिकवणारी ऊसिस्ट मागे ब्रूडरच्या जागेत राहतात. जागा वाढवताना जुनं लिटर घमेल्याने नवीन भागावर शिंपडून घ्या.

लस परवडत नसेल तरी हेच वेळापत्रक नैसर्गिकरीत्या चालतं, फक्त डोस आपल्या हातात नसतो, म्हणून लिटरवर आणि १४ ते ३५ दिवसांवर दुप्पट नजर.

पायरी ६: रोज काय बघायचं

रक्त दिसणं ही शेवटची पायरी, त्याआधी पक्षी सांगत असतो. पाणी तेवढंच पण खाद्य कमी उचललं. सकाळी खाद्य टाकल्यावर मागे राहणारी, पंख ढिले सोडून, डोळे मिटून, मान आखडून बसलेली पाच-सहा पिल्लं. विष्ठेत नारिंगी शेंबूड. पायांचा पिवळा रंग उडणं, हे तर मी आता आधी बघतो, आतड्याचं अस्तर बिघडलं की मक्यातला पिवळा रंग शोषला जात नाही आणि नळ्या पांढुरक्या पडतात.

मेलेला पक्षी ताजा असताना उघडा. हातमोजे घाला, उताणा करा, पोट कापून पूर्ण आतडं वर्तमानपत्रावर लांब पसरा. आधी बाहेरूनच बघा. सुरुवातीच्या यू आकाराच्या लूपवर आडव्या पांढऱ्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, म्हणजे असेर्व्हुलिना. मधला भाग फुग्यासारखा फुगलेला आणि बाहेरून मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे पांढरे-लाल ठिपके, म्हणजे नेकॅट्रिक्स. मग शेवटाकडची ती दोन आंधळी पिशव्यांसारखी सीका चिरा. रक्ताने टम्म, काळपट लाल, किंवा काही दिवस झाले असतील तर आत पनीरसारखा घट्ट गोळा, म्हणजे टेनेला. डॉक्टर याला ० ते ४ असे गुण देतात. तुम्ही नुसता फोटो काढून ठेवा, पुढच्या बॅचला ताडून बघायला होतो. एक-दोन पक्ष्यांत हलक्या खुणा दिसल्या आणि बाकी कळप खातोय, तर घाबरून औषध ओतू नका, ती शिकण्याचीच खूण आहे. शंका असेल तर ताजी विष्ठा नाहीतर आतडं बर्फावर ठेवून (गोठवून नाही) जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्या, आम्हाला शिरवळ जवळ पडतं, पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळाही आहे.

पायरी ७: औषध द्यायचंच झालं तर

आजारी पक्षी खात नाही पण पितो, म्हणून औषध पाण्यातून. ॲम्प्रोलियम २० टक्के पावडर असेल तर जोरात उद्रेकात एक लिटर पाण्याला १.२ ग्रॅम ३ ते ५ दिवस, मग ०.३ ग्रॅमवर आणून आणखी एक-दोन आठवडे. हे औषध जंतूला बी-१ व्हिटॅमिन मिळू देत नाही, त्यामुळे सोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. टोल्ट्राझुरिल २.५ टक्के असेल तर एक लिटर पाण्याला १ मिली, सलग २ दिवस, याने प्रतिकारशक्ती तयार व्हायला आडकाठी येत नाही म्हणून मला ते आवडतं, पण खायची अंडी देणाऱ्या कोंबडीला नको. सल्फा देत असाल तर व्हिटॅमिन के सोबत हवंच. डोस पक्क्या लेबलवरून आणि आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, विक्रीआधीचे थांबायचे दिवसही पाळा. आणि एक लाल रेघ: खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असताना सीआरडीसाठी (जुनाट श्वसनरोगासाठी) टियाम्युलिन कधीच देऊ नका, दोन्ही मिळून पक्षी लुळे पडून मरतात.

हळद, कडुलिंब, लसूण यांना माझा विरोध नाही, मीही देतो. पण रक्त पडायला लागल्यावर हळदीचं पाणी देत बसणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

पायरी ८: शिकलेलं कोण पुसतं

मरेक्स आणि गंबोरो हे दोन व्हायरसचे रोग, आणि बुरशी. मरेक्सचा व्हायरस थेट टी-पेशींमध्येच घर करतो, म्हणजे कॉक्सीविरुद्धची मुख्य माणसंच फितूर. त्याची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच द्यायची असते, गावरान पिल्लं विकणारे बरेचदा गाळतात, विचारून घ्या. गंबोरो बर्सा खातो, आणि वर म्हटलं की बर्साचं काम दुय्यम, मग फरक का पडावा? कारण त्या दिवसांत टी-पेशींचं कामही ढिलं पडतं. गंबोरो आणि कॉक्सी हातात हात घालून आली की मर आवरत नाही. तिसरं म्हणजे ओल्या मक्यातलं आणि शेंगपेंडेतलं अफ्लाटॉक्सिन, पावसाळ्यात मका हातात घेऊन वास घ्या, कुबट आला की परत करा. शिवाय मॅक्सिमाने अस्तर खरवडलं की मागून क्लॉस्ट्रिडियम हा बॅक्टेरिया शिरतो आणि नेक्रोटिक एन्टेरायटिस (आतड्याचं अस्तर सडवणारा रोग) होतो, ते वेगळंच प्रकरण.

बकऱ्यांना होईल का, असं शेडजवळ शेळ्या असणारे विचारतात. नाही. कोंबडीची आयमेरिया कोंबडीतच वाढते, शेळीची शेळीत. माणसालाही नाही.

आता तयार तलंगा घेताना माझा पहिला प्रश्न, जमिनीवरच्या का पिंजऱ्यातल्या? पिंजऱ्यातल्या असतील तर घेतच नाही असं नाही, पण वेगळ्या कप्प्यात, नव्या तुसावर सोडतो, पहिले तीन-चार आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने खाद्यात ॲम्प्रोलियमचा कमी डोस, टप्प्याटप्प्याने उतरवत. दहाव्या दिवशी माझ्या जुन्या कोंबड्यांच्या कप्प्यातलं, मूठ चाचणीत पास झालेलं, दोन घमेली लिटर आणून त्यांच्या तुसावर पसरतो आणि मग सहा दिवस रोज सकाळी सगळ्यात आधी तोच कप्पा उघडतो.